फ्लूचा ताप चौथ्या दिवशी बहुधा आपला आपणच उतरतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या मध्यावर इंदुरात दरवर्षी फ्लूची लाट येते आणि नेमके त्याच सुमारास गणपती येतात. "व्हायरल चालू आहे" असे म्हणत रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत अनेक घरांत तीन गोळ्यांचे एक पाकीट मेडिकलमधून परस्पर आणले जाते. ही गोळी म्हणजे ॲझिथ्रोमायसिन ५०० हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक), रोज एक याप्रमाणे तीन दिवस. तिच्याबद्दलचा समज इतका पक्का का झाला, हे आधी सांगायला हवे.

फ्लूचा ताप साधारणपणे तीन ते चार दिवस टिकतो. पहिला दिवस अंग मोडून येण्यात जातो, दुसऱ्या दिवशी गोळी सुरू होते, चौथ्या दिवशी पाकीट संपते आणि ताप उतरतो. श्रेय मिळते गोळीला. वास्तविक ती काहीच न घेता ताप त्याच सुमारास उतरला असता, कारण फ्लू विषाणूमुळे होतो आणि प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही. पदरी पडतात जुलाब आणि पुढे खरी गरज लागेल तेव्हा दाद न देणारे जिवाणू. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे रेंगाळतो. तो रेंगाळला म्हणून दुसरे पाकीट आणू नये.

म्हणून आमचे पहिले सांगणे साधे आहे. ताप ज्या दिवशी आला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पुढे रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरचा आकडा लिहा. गरम काढा प्यायल्यावर लगेच तोंडात थर्मामीटर ठेवला तर आकडा खोटा वाढतो, वीस मिनिटे थांबावे. काखेत मोजलेला ताप तोंडातल्यापेक्षा थोडा कमी दिसतो. हा हिशेब ठेवण्याचे कारण असे की, फ्लूमध्ये खरा धोका पहिल्या तापापेक्षा परतून येणाऱ्या तापाचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला, माणूस उठून बसला आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा ताप, घट्ट कफ आणि दम सुरू झाला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तिथे प्रतिजैविके लागतात आणि ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असतात.

तापासाठी घरात पॅरासिटामोल पुरे. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास. चूक होते ती सर्दीच्या तयार गोळ्यांमुळे. त्यांतल्या बहुतेकांत पॅरासिटामोल आधीच असते. सर्दीची एक, तापाची एक आणि अंगदुखीची तिसरी घेतली, तर एकाच औषधाचे दोन-तीन डोस एकदम पोटात जातात आणि ते यकृताला महाग पडते. पाकिटाच्या मागे लिहिलेली घटकांची नावे वाचावीत.

मुलांच्या बाबतीत घोटाळा बाटलीचा असतो. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. हेच १५० मिलिग्रॅम '५ मिलीत १२५' लिहिलेल्या सिरपमध्ये ६ मिली होतात, '५ मिलीत २५०' वाल्यात ३ मिली आणि '१ मिलीत १००' असलेल्या ड्रॉप्समध्ये केवळ दीड मिली. मागच्या वर्षीचे "सहा मिली" लक्षात ठेवून आजीने या वेळी ड्रॉप्सची बाटली हातात घेतली, तर डोस चौपट होतो. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे मापच वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी कोणतेच औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्या.

ॲस्पिरिन मुलांना आणि किशोरवयीनांना फ्लूत अजिबात देऊ नये. मेंदू आणि यकृतावर आघात करणारा राय सिंड्रोम त्यातून उद्भवू शकतो. शिवाय हे डेंग्यूचेही दिवस आहेत. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत मोठ्यांनीही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाक वाहत नाही, घसा दुखत नाही, पण डोळ्यांच्या मागे ठणकते आणि अंगावर पुरळ आहे, असे असेल तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस जोखमीचे असतात. तेव्हा पोटात जोरात दुखू लागले किंवा सारख्या उलट्या झाल्या तर घरी थांबू नये.

आता घरगुती उपायांकडे येऊ. त्यांची आम्हाला खरोखर कदर आहे, कारण आजाऱ्याला बरे वाटणे ही लहान गोष्ट नाही. आले, गवती चहा, तुळस आणि दोन-चार मिऱ्यांचा काढा घशाला शेक देतो आणि शरीरात पाणी जाते, हाच त्याचा उपयोग. त्याने विषाणू मरत नाही. दिवसातून दोन-तीन कप पुरेत, रिकाम्या पोटी तिखट काढा नको. रक्तदाब असणाऱ्यांनी जेष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात टाकू नये, त्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम घटते. गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. रात्रीच्या खोकल्यावर अर्धा ते एक चमचा मध, तेही वर्षाच्या पुढच्या मुलालाच. त्याआधी मधाचे बोटही चाटवू नये, बॉट्युलिझम या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो.

वाफ घेण्याची आपली पद्धत मात्र बदलायला हवी. उकळते पातेले पलंगावर, त्यावर डोके आणि वरून पांघरूण, शेजारी नातवंड. एका हिसक्यात पाणी मांडीवर येते आणि भाजल्याची जखम फ्लूपेक्षा कितीतरी मोठी होते. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटे थांबा, पातेले भक्कम टेबलावर ठेवा, पाच मिनिटे पुष्कळ झाली. मुलांना वाफ देऊच नका, दूध पाजण्याआधी त्यांच्या नाकात सलाइनचे दोन-दोन थेंब घाला. ओव्याची कोमट पुरचुंडी चालेल, त्यात कापूर नको. कापराचा लहानसा तुकडा मुलाने गिळला तरी झटके येऊ शकतात. जलनेती करणाऱ्यांनी नळाचे पाणी न वापरता उकळून गार केलेलेच घ्यावे.

घाम काढण्यासाठी तान्ह्या बाळाला दुपट्यांत गुंडाळू नये, त्याने ताप वाढतो. अंग पुसायचे तर कोमट पाण्याने, बर्फाच्या पाण्याने पुसल्यास हुडहुडी भरून ताप आणखी चढतो. दही, केळे, भात बंद करण्याचे काहीच कारण नाही. भाताची पेज, मुगाचे कढण, ताक, जे जाईल ते द्या. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसे जाते आहे असे समजा.

खोकल्याच्या सिरपबद्दल आपल्या राज्यात तरी वेगळे सांगावे लागू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लहान मुले डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचे सिरप द्यायचेच नसते आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा त्याची गरज नसते.

फ्लूची इंजेक्शनने दिली जाणारी लस मृत विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कसकस वाटते. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाळ्याआधी घ्यावी. साठीच्या पुढचे, गर्भवती, मधुमेही, दमेकरी आणि पाच वर्षांखालची मुले यांना ताप आला तर चौथ्या दिवसाची वाट पाहू नये. फ्लूचे विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते, आणि ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचे असते.

आरतीबद्दलही एक विनंती. फ्लूचा माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस विषाणू पसरवतो. पॅरासिटामोल न घेता सलग २४ तास ताप आला नाही, तरच घरातून निघावे, मोदक वळायला बसणाऱ्यांनी तर नक्कीच. खोकला शिल्लक असेल तर मास्क लावावा.

मूल आजारी असेल तर ते झोपलेले असताना त्याचा सदरा वर करून छातीकडे पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले किंवा आठ तासांत लघवी झाली नाही, तर काढा, वाफ, नवी गोळी यांत वेळ न घालवता रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात न्या. मोठ्या माणसाला बोलताना धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला, तरीही तसेच करा.

आपले,
काही फॅमिली डॉक्टर,
लोकमान्य नगर परिसर, इंदूर