रॅपचा पहिला मान बाबा सेहगलचा

महोदय,
गणपतीच्या मंडपात हल्ली बेळगावच्या टिळकवाडी, शहापूरची पोरं मराठी-कानडी मिसळून झकास रॅप करतात. पण रॅप कालपरवा आला असं ती समजतात, तेवढं खटकतं. बाबा सेहगलचा ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२चा! चाल अमेरिकन रॅपर व्हॅनिला आइसकडून उचललेली, हे खरं. पण बोलल्यासारखं हिंदी गाणं घरोघरी नेलं ते लखनौच्या या इंजिनिअरनं. आमची कॅसेट तर टेपमध्ये अडकून पेन्सिलीनं गुंडाळावी लागायची. पुढे हिंदी ‘रोजा’तलं ‘रुक्मणी रुक्मणी’ गायला, १९९८ला ‘मिस ४२०’मध्ये नायक झाला (अभिनय बेताचाच), मग तेलुगू गाण्यांतही जम बसवला. यंदा एखाद्या मंडळानं त्याची जुनी गाणी लावावीत. डॉल्बीचा आवाज मात्र बेतानं.

– एक वाचक, अनगोळ, बेळगाव