अभिजात चित्रपटांचे घरबसल्या होणारे खेळ आणि चर्चा बंद पडू देऊ नयेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतील एकपडदा चित्रपटगृहांविषयीचा लेख वाचला. दादरचे 'चित्रा' २०१९ मध्ये बंद झाले, त्याची हळहळ लेखात आहे आणि लालबागच्या 'भारतमाता'बद्दलचा जिव्हाळाही आहे. मात्र टाळेबंदीच्या काळात चित्रपट मंडळांनी, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रसिकांच्या संस्थांनी, आणि काही स्वतंत्र चित्रपटगृहांनी इंटरनेटवरून दाखवलेले जुने चित्रपट आणि त्यानंतरच्या चर्चा यांचा उल्लेख त्या वेळेपुरती केलेली सोय एवढाच आला आहे. ज्यांना तो अनुभव मिळाला आणि नंतर हिरावला गेला, त्यांच्यापैकी मी एक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवत असे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच एका सहकारी बाईंनी मला चित्रपट मंडळाची सभासद करून घेतले. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही संस्था १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली आणि मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ मध्ये सुरू झाले. या चळवळीने आमच्या पिढीला चित्रपट हा करमणुकीपलीकडे अभ्यासाचाही विषय आहे हे शिकवले. सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची घरघर, रीळ बदलताना मध्येच लागणारे दिवे आणि त्या दोन-तीन मिनिटांत शेजारच्या अनोळखी माणसाशी सुरू होणारे बोलणे हे सगळे मला अजून जसेच्या तसे आठवते. पुढे यजमानांना अर्धांगवायू झाला आणि माझे जाणे थांबले. मुलुंडहून मंडळाच्या खेळांसाठी प्रभादेवीच्या सभागृहात जायचे म्हणजे येण्याजाण्याचे दोन-अडीच तास, चित्रपटाचे दोन, चर्चेचा एक. एवढा वेळ घराबाहेर राहता येईल अशी माझी परिस्थिती राहिली नाही. दोन वर्षे वर्गणी भरली, नंतर तीही भरली नाही.

मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली आणि काही आठवड्यांनी मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा फोन आला की दर आठवड्याला एक चित्रपट घरूनच पाहायचा आणि मग झूमवर बोलायचे असे ठरले आहे. पहिले दोन-तीन प्रयत्न फसले. बैठकीतूनच चित्रपट लावला तर चित्र अडखळे आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असे होई. शिवाय फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटे झाली की बैठक तुटत असे. मग त्यांनी पद्धत बदलली. शुक्रवारी संध्याकाळी सभासदांना पासवर्डसह लिंक मिळे, रविवारी दुपारपर्यंत ती चाले आणि संध्याकाळी पाच वाजता केवळ चर्चा होई. चर्चेच्या आधी कोणीतरी दोन पानांचे टिपण पाठवत असे. या साध्या बदलाने फार मोठा फरक पडला. यजमानांचे खाणे, औषधे, रात्रीचे उठणे सांभाळून मी तीन तुकड्यांत चित्रपट पाहू शके आणि तरीही रविवारी इतरांच्या बरोबरीने बोलू शके. ज्या टाळेबंदीने साऱ्या शहराला घरात कोंडले, तिनेच मला माझे चित्रपट मंडळ परत दिले.

आम्ही 'संत तुकाराम' पाहिला. दामले आणि फत्तेलाल यांचा, प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट १९३६ चा. गिरगावातल्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. माझाही तो अनेकदा पाहून झालेला होता. पण आजारी मुलाला ओढत देवळात नेऊन विठोबाला पायताण दाखवणारी जिजाई मी त्या शनिवारी रात्री चार वेळा मागे जाऊन पाहिली. गौरी या अभिनेत्रीने तिथे जे केले आहे, त्यात रागाच्या आत भीती आहे. मूल हातचे जाईल की काय या भीतीनेच ती देवावर धावून जाते. सभागृहात हे एकदा डोळ्यांसमोरून सरकून जाते. घरी थांबता आले, आणि दुसऱ्या दिवशी तीस-पस्तीस जणांसमोर त्या एका प्रसंगावर अर्धा तास बोलणे झाले. त्याच चर्चेत कोणीतरी 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग किती समर्पक आहे असे म्हटले, तेव्हा साताऱ्याहून सहभागी झालेल्या, कीर्तनकारांच्या घरातल्या एका गृहस्थांनी ती रचना शांताराम आठवले यांची आहे हे सांगितले आणि तुकोबांच्या भाषेशी ती कुठे जुळते, कुठे वेगळी होते हे म्हणून दाखवले. साताऱ्याचे ते गृहस्थ प्रभादेवीच्या सभागृहात कधी आले असते?

'कुंकू'ची चर्चा मात्र मी कधीच विसरणार नाही. व्ही. शांताराम यांचा हा १९३७ चा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला आहे. फसवणुकीने एका वयस्क बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मान्यच करत नाही, आणि चित्रपट शेवटपर्यंत तिच्या बाजूने उभा राहतो. त्यात पार्श्वसंगीत नाही. घरातले, आसपासचे खरे आवाज तेवढे आहेत. त्या आठवड्याचे टिपण याच विषयावर होते आणि शक्य असेल त्यांनी कानाला इअरफोन लावून पाहावे असे त्यात सुचवले होते. मी तसे केले. संगीताचा आधार नसल्यामुळे त्या घरातली शांतता किती जड आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवले. नीरा गप्प बसते तेव्हा सगळे घर गप्प बसते.

रविवारी चर्चा बराच वेळ शांता आपटे यांचा अभिनय, कॅमेऱ्याच्या जागा, शेवट योग्य की अयोग्य यावर चालली. बोलणारे नेहमीचेच होते. मग चॅटमध्ये एक ओळ आली: माझ्या आजीचे लग्न बिजवराशी झाले होते, मी बोलू का? लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी कॅमेरा लावला नाही, नुसता माइक सुरू केला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली आणि त्या एकदम थांबून, आणखी दोन शिट्ट्या होऊ देते, असे म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले की तेराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या आजीला सावत्र मुलगा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा होता, आणि आजी आयुष्यभर त्याला अहोजाहो करत राहिली. आजीने 'कुंकू' पाहिला होता का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की पाहिला होता. घरी येऊन तिने एकच विचारले होते की ती मुलगी नाही म्हणते, हे त्या लोकांना कसे सुचले असेल. त्यानंतर काही क्षण कोणीच बोलले नाही. प्रत्यक्ष सभागृहातल्या चर्चांत मी वर्षानुवर्षे बसले आहे. तिथे पुढच्या दोन रांगांतले पुरुष बोलतात आणि बायका चित्रपट संपताच घड्याळाकडे पाहत निघतात, कारण गाडी गाठायची असते आणि घरी पोळ्या व्हायच्या असतात. त्या बाई मंडळाच्या जुन्या सभासद होत्या, हे मला नंतर समजले. सभागृहात त्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

चित्रपट अंधाऱ्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, चारशे माणसांत पाहण्याची गोष्ट आहे, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. विनोदावर सगळे सभागृह एकदम हसते तेव्हाचे हसू घरी येत नाही. ज्याला जाता येते, त्याने गेलेच पाहिजे. पण ज्याला जाता येत नाही, त्याच्यापुढे आज पर्याय काय आहे? इंटरनेटवर कोणीतरी चढवलेली, डाग पडलेली, खरखरणारी प्रत. ऐन अभंगाच्या मध्यात येणारी जाहिरात. आणि जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेला चित्रपट आजच्या रुंद टीव्हीवर ताणून बसवल्यामुळे आडवे झालेले चेहरे. मूकपटांचे तर आणखी वाईट. सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या वेगाने घेतलेली दृश्ये चोवीसच्या वेगाने दाखवली की माणसे पळत सुटल्यासारखी दिसतात आणि नव्या मुलांना वाटते की जुने चित्रपट असेच हास्यास्पद होते. चांगली प्रत शोधणे, ती योग्य चौकटीत आणि योग्य वेगाने दाखवणे आणि पाहण्यापूर्वी चार शब्द सांगणे हे काम जाणत्या मंडळाचे किंवा चित्रपटगृहाचे आहे. ते एकट्या प्रेक्षकाला घरी बसून जमणारे नाही.

या खेळांमुळे चित्रपटगृहांचे नुकसान होते, असेही म्हटले जाते. अमेरिकेत याच्या उलट घडवून आणण्याचा प्रयत्न झाला होता. किनो लॉर्बर या वितरण संस्थेने मार्च २०२० मध्ये 'किनो मार्की' नावाची व्यवस्था सुरू केली. 'बाकुराऊ' हा ब्राझिलियन चित्रपट नुकताच तिथे लागला होता आणि चित्रपटगृहे बंद पडत होती. प्रेक्षकाने आपल्या ओळखीच्या चित्रपटगृहाच्या संकेतस्थळावरून तिकीट घ्यायचे, चित्रपट घरी पाहायचा आणि तिकिटाच्या पैशांतला वाटा त्या चित्रपटगृहाला जायचा, अशी ती रचना होती. म्हणजे प्रेक्षकाचे नाते त्याच्या चित्रपटगृहाशीच राहिले. आपल्याकडे लालबाग, गिरगाव, दादर येथील चित्रपटगृहांच्या नावाभोवती तीन-तीन पिढ्यांच्या आठवणी आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने महिन्यातून एकदा जुना मराठी चित्रपट सकाळच्या खेळाला पडद्यावर आणि त्याच आठवड्यात तिकीट लावून घरच्या प्रेक्षकांसाठी दाखवला, तर मी आनंदाने पैसे देईन.

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. प्रभातचे तीस-चाळीसच्या दशकांतले चित्रपट कधीच मोकळे झाले आहेत आणि १९५३ ची 'श्यामची आई'देखील. खरी अडचण प्रतींची आहे. हक्क संपला तरी उत्तम प्रत कोणाच्या ताब्यात आहे आणि ती मंडळांना कोणत्या अटींवर मिळते, यावर सारे अवलंबून असते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे धन सांभाळत आले आहे, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून जुन्या चित्रपटांच्या डिजिटल प्रती तयार करण्याचे काम सार्वजनिक पैशांतून चालते. गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणारे राज्याचे सांस्कृतिक विकास महामंडळही आहेच. या दोन्ही संस्थांनी नोंदणीकृत चित्रपट मंडळांना मराठी अभिजात चित्रपटांच्या चांगल्या प्रती मर्यादित मुदतीच्या घरबसल्या खेळांसाठी नाममात्र शुल्कात द्याव्यात, अशी माझी जाहीर विनंती आहे. ज्या गिरगावात ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्याच गिरगावात मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला. त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. प्रती जपणे हा कामाचा अर्धा भाग झाला. जपलेले कोणी पाहिलेच नाही, तर पुढच्या पिढीला त्याची आठवणही राहणार नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चित्रपटगृहे पुन्हा उघडली आणि काही महिन्यांत आमचे रविवार बंद झाले. तांत्रिक बाजू सांभाळणारे दोन तरुण नोकरीच्या गडबडीत अडकले, हे एक कारण मला पटते. खरा रसिक सभागृहात येतोच, हे जे दुसरे कारण बैठकीत सांगितले गेले, ते मात्र मनाला लागले. माझ्यासारख्या घरी कोणाची तरी शुश्रूषा करणाऱ्या बायका, गुडघ्यांमुळे जिना न उतरणारे वृद्ध, चाकाच्या खुर्चीवरचे तरुण, विरार-कर्जतला राहणारे आणि रात्रीच्या गाडीला भिणारे विद्यार्थी हे खरे रसिक नाहीत, असे कोण ठरवणार? मंडळातील ज्येष्ठांनी चाळीस-पन्नास वर्षे स्वतः रिळांचे डबे उचलून चित्रपट आमच्यापर्यंत आणले आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे आणि म्हणूनच हे त्यांना स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

दर आठवड्याला शक्य नसेल तर महिन्यातून एक रविवार ठेवावा. मनुष्यबळाची अडचण असेल तर मी माझ्यापुरते सांगते. त्या दीड वर्षातल्या प्रत्येक चर्चेची टिपणे मी दोन दोनशेपानी वह्यांत लिहून ठेवली आहेत. कोण काय म्हणाले, कोणता प्रसंग पुन्हा पाहण्यासारखा आहे, कोणत्या संदर्भाची चूक नंतर दुरुस्त झाली, हे सगळे त्यांत आहे. ज्या मंडळाला किंवा चित्रपटगृहाला ही टिपणे हवी असतील, त्यांना ती टंकलिखित करून देईन. बैठकीची लिंक पाठवणे, वेळेवर सभासदांना आत घेणे आणि ज्यांनी हात वर केला आहे त्यांना क्रमाने बोलू देणे हे काम मी नातीकडून शिकून घेतले आहे. रविवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळेत यजमान झोपलेले असतात आणि मी मोकळी असते.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई