थोरल्याची बाजू

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

धाकटा परत आला. तुला एवढं वाक्य पुरेल, म्हणून तुलाच लिहितोय. आईची शुगर आटोक्यात आहे, माझं ठीक.

मस्कतहून रिकाम्या हाताने आला. आईने काही न विचारता पोटाशी धरलं. त्या रात्री मटण झालं. रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. 'उधळ्या पुत्राचा दाखला आठव, नव्या बिल्डिंगमधल्या जागेत त्याचंही नाव घाल,' म्हणाले. गावची जमीन विकली तेव्हा त्याने आपला वाटा रोख मोजून घेतला आणि ही जागा जिच्या बदल्यात मिळतेय त्या भायखळ्याच्या खोलीवर हक्क सांगणार नाही असं लिहून दिलं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मग बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय काढून बसलो. येशूची तीच बोधकथा: धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, दूरदेशी उधळतो, रिकाम्या हाताने परततो आणि बाप मेजवानी घालतो. तरुण संघाच्या शिबिरात तू यावरूनच भांडला होतास ना? घरात वाजंत्री लागली, वासरू कापलं, पण शेतात राबणाऱ्या थोरल्याला बोलवायला कुणी गेलं नाही, त्याला चाकराकडून कळलं, म्हणून बापच चुकला म्हणालास. मी बापाची बाजू घेतली, तर परतीच्या एसटीत तू शेजारी बसला नाहीस. माझ्या वाटणीची जिलबी मात्र सोडली नाहीस!

आता हे बघ. जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं नियमशास्त्राचं पुस्तक आहे, त्याच्या 21 व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. दोन भाऊ म्हणजे तीन भाग. एक धाकट्याने उडवला, उरलेले दोन थोरल्याचे. ते पोसलेलं वासरूसुद्धा त्याच्याच वाट्यातलं. आणि बाप त्याला सांगतो, माझं आहे ते सगळं तुझंच. वाटणी पुन्हा मांडत नाही. लोक ज्यांना पापी समजत त्या जकातदारांबरोबर येशू जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री हे धर्मपुढारी कुरकुरत होते, त्यांना त्याने ही गोष्ट सांगितली. भांडण पंगतीवरून होतं, सातबाऱ्याचा तिथे विषयच नाही. दाखला पुढे करून सही मागणाऱ्यांना मी ठाम नाही म्हणालो.

पण सही नाकारणं सोपं गेलं रे. पंगत जमत नाही. मी ऑफिसात उशिरापर्यंत थांबतो, तो झोपल्यावर जेवतो. पप्पांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू आणि मी रात्री काढल्या, याचा फोनसुद्धा लागत नव्हता. ते अजून उतरत नाही.

दाखल्यातला बाप दोनदा घराबाहेर येतो. धाकटा लांब दिसताच धावत जातो, आणि थोरला रुसून उभा राहिला तेव्हा त्याची मनधरणी करायलाही येतो. शिबिरात तू हे मानायलाच तयार नव्हतास. आमच्याकडे बाहेर येणारे पप्पाच उरले नाहीत. आई गॅलरीत येते, 'जेवून घे' म्हणते आणि आत जाते. लूक थोरल्याला बाहेर उभा ठेवून गोष्ट सोडतो. मला मात्र रोज त्याच घरात शिरायचंय.

लेकीचा बारावीचा निकाल कळला, तिला शाब्बास सांग. वहिनींचा गुडघा कसा आहे? नगरच्या घराचं गळणं थांबलं का?

नाताळच्या आधी एखाद्या रविवारी ये. मटण मी आणीन. आम्हा दोघांच्या मधे बस आणि थोरल्याची बाजू पुन्हा मांड, शिबिरात मांडलीस तशीच, मोठ्याने, त्याच्यासमोर. मला ते बोलता येत नाही, आणि त्याने ते ऐकल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

तुझाच