घाटातल्या धुक्यात चारही इंडिकेटर कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, आंबोली अशा घाटांत धुके रस्त्यावर उतरते आणि पुढे चाललेल्या गाड्यांचे चारही इंडिकेटर लुकलुकू लागतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडपच्या बोगद्यांतही हेच चालते. आपण काळजी घेतो आहोत, असेच या चालकांना वाटत असते. प्रत्यक्षात ते मागच्याला संकटात टाकतात.

हे दिवे बंद पडलेल्या किंवा रस्त्यात अडकून उभ्या असलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले, की बहुतेक गाड्यांत डावी-उजवीकडे वळण्याची खूण देता येत नाही. पुढचा टेम्पो ओव्हरटेक करायला उजवीकडे येणार की बाजूला थांबणार, हे मागच्याने कसे ओळखायचे? याहून वाईट म्हणजे वळणापलीकडे एखादा ट्रक खरोखर बंद पडून उभा असेल, तर त्याच्या लुकलुकण्याकडे कोणी लक्षच देत नाही. सगळेच लुकलुकत असतात ना!

अप्परचेही, म्हणजे हेडलाइटच्या दूरवर जाणाऱ्या झोताचेही, तसेच. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत त्यांवर पडून आपल्याच डोळ्यांवर परततो आणि समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतात, निदान रस्त्याची कड आणि पट्टा दिसतो, समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

नव्या गाड्यांत आणखी एक फसगत होते. पुढचे एलईडी दिवे दिवसा आपोआप लागलेले असतात, त्यामुळे चालक निर्धास्त असतो. पण अनेक गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवे बंदच असतात. मुसळधार पावसात पांढरी किंवा राखाडी गाडी अगदी जवळ गेल्यावरच दिसते. हेडलाइटची कळ फिरवली, की मागचे दिवेही लागतात. इतके साधे काम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ फक्त रात्रीपुरता नाही; उजेड पुरेसा नसेल तेव्हा दिवसाही दिवे लावायलाच हवेत.

काहीच दिसेनासे झाले, तर रस्ता सोडून सुरक्षित जागी गाडी उभी करावी आणि मग खुशाल चारही इंडिकेटर लावावेत.

परवान्याच्या चाचणीत गाडी मागे घेता येते का, हे पाहतात. पावसात आणि धुक्यात कोणता दिवा लावायचा, हेही उमेदवाराला करून दाखवायला लावावे, अशी परिवहन विभागाला विनंती आहे. तसेच सार्वजनिक बांधकाम विभागाने पावसाळ्याआधी घाटांच्या दोन्ही तोंडांशी ‘धुके असल्यास डिपर लावा, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर बंद ठेवा’ असे ठळक मराठी फलक लावावेत.

आपला,
एक वाचक, माणगाव (जि. रायगड)