आशेचे कारण कोणी विचारले तर

महोदय,

ख्रिस्ती आशेचा विषय निघाला की ती भोळी समजूत आहे, बुद्धीशी तिचे देणेघेणे नाही, असे सरसकट म्हटले जाते. आणि खेदाची बाब अशी की अनेक श्रद्धावंतही हे निमूटपणे मान्य करतात. ‘आशा वेडी असते’ हे आपल्या भाषेत इतके रुळले आहे, की त्यावर कोणाला शंकाही येत नाही. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसरा अध्याय मात्र सांगतो, की तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. मूळ ग्रीक वाक्यात ‘कारण’ या जागी ‘लोगोस’ हा शब्द आहे, म्हणजे बुद्धीला पटेल अशी सकारण मांडणी. (सौम्यपणाची अट वादविवादात सर्वांत आधी विसरली जाते, हे वेगळे सांगायला नको.)

प्रेषित पौल तर याहून पुढे जातो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो स्पष्ट म्हणतो, की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. आपली आशा कशाने कोसळेल हे जो स्वतःहून सांगतो, त्याला भाबडा म्हणता येत नाही. या युक्तिवादाने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे मान्यच आहे. पण आशा सिद्ध झालेल्या गोष्टीची नसतेच; जे दिसते त्याची आशा कोण धरील, असे रोमकरांस लिहिताना पौलानेच विचारले आहे.

तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनस यांनी आशेचा विषय नेमका मांडला: भविष्यातील, मिळण्यास कठीण, तरीही शक्य असलेले हित. तिच्या विरोधात त्यांनी निराशेबरोबर फाजील भरवसाही ठेवला. माझ्या मते श्रद्धावंतांना दुसऱ्याचाच धोका अधिक. कॅथलिक विधीत अत्यवस्थ रुग्णाच्या कपाळाला व तळहातांना धर्मगुरू तेल लावतात, तेव्हा उशाशी डॉक्टरांचा अहवालही असतो. ‘प्रार्थना केली आहे, आता औषध कशाला?’ असे म्हणणारा नातेवाईक त्या तेलाचा अर्थच चुकवतो, कारण त्या विधीत बरे होण्याची याचना असते, हमी नसते. अहवाल नीट वाचून, त्यातील वाईट बातमी पूर्ण समजून घेऊन जो रुग्ण तळहात पुढे करतो, त्याची आशा बुद्धीला बाजूला सारणारी आहे असे मला म्हणता येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक