फोर बाय फोर वळताना अडकते म्हणून लगेच स्टिअरिंग खोलू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या दारव्हा तालुक्यात पावसाळ्यात पांदणीने शेतात जायचं म्हणजे काळ्या मातीत गाडी फसणारच, म्हणून बरेच जण जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशी गाडी, घेऊन राहिले, मीही घेतली.

यंदा खरिपात ती डांबरी रस्त्यावर वळताना अडकायला लागली. पेट्रोल पंपातून स्टिअरिंग पूर्ण कापून काढली की कोणी ब्रेक दाबून धरल्यासारखी हिसके द्यायची, टायर कुंई करायचे, अन् दोन हात मागे घेतली की खालून कट्ट आवाज येऊन एकदम मोकळी. गॅरेजवाल्याने आधी स्टिअरिंग बॉक्स बदलला मग बॉल जॉइंट, 28 हजार गेले, गाडी तशीच.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. ते म्हणाले, "काहून खोललं बापा, आधी चाकं उचलून तर पाहायची!" पुढची दोन्ही चाकं उचलली, इंजिन बंद, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठंच अटकलं नाही. म्हणजे स्टिअरिंगचा दोष नाहीच. मग मागच्या चाकांना दगड लावले, फोर बाय फोरचा लिव्हर टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, टाकला अन् पुढचं एकच चाक उचलून मला हाताने फिरवायला लावलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला, जागचं हललं नाही. पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट, खोलला तर तेच चाक मोकळं फिरलं. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा लाइट बंद होता पण ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, फोर-एचलाच, चारही चाकांवरच, अडकला होता!

वखर वळवताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागते नं, तसंच वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठा फेरा घेतात. आमच्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, फोर-एचमध्ये पुढचा मागचा शाफ्ट एकत्रच जुंपलेला. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जाते, कोरड्या डांबरावर सगळा पीळ शाफ्ट अन् गिअरमध्ये भरते. त्यात मी पुढे दोन नवे टायर टाकले होते, मागे जुनेच. काकांनी दोरीने घेर मोजला तर पुढचा सव्वा इंच मोठा, मग सरळ रस्त्यावरही पीळ भरत राहणार अन् त्या दाबात फोर्क सुटणार कसा? ज्या गाड्या कायम चारही चाकांवर चालतात त्यांना तर चारही टायर सारखेच पाहिजेत.

जुनी फोर बाय फोर विकणाऱ्याने एवढं तरी सांगावं की डांबरावर टू-एच. अन् साहेब, जॅक लावून करायची ही तपासणी तालुक्याच्या आयटीआयमध्ये मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या अशी मागणी आपण लावून धरा, आणि पेरणीच्या आधी मे महिन्यात आपल्या शेतीच्या पानावर ती चित्रासहित छापा ही विनंती.

आपला वाचक,
एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ