अक्कलकोट रोडच्या अण्णांना, एका चेनसॉवाल्याचं पत्र

अण्णा, नमस्कार.

तुमच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही आणि तुमच्याकडे व्हॉट्सॲप नाही, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा मोहोळ तालुक्यातल्या आमच्या बांधावरच्या बाभळी आडव्या झाल्या. पाणी ओसरल्यावर मी चेनसॉ काढली. उन्हाळ्यापासून ती युरियाच्या पोत्यांवर पडून होती, टाकीत जुनं पेट्रोल तसंच. दोन बाभळी निघाल्या, तिसरीला बारमधून, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीतून, धूर यायला लागला. ओंडका सरळ कापायला जावं तर काप डावीकडे वळायचा. चौथ्या दिवशी मशीन सुरूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा सुजला. एका दुकानात सांगितलं, ब्लॉक-पिस्टन गेलंय, साडेसहा हजार लागतील. पैसे खिशात घालून निघालो होतो, तेवढ्यात चुलतभावानं तुमचं नाव काढलं.

तुम्ही इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. मी चेनला हात घालायला गेलो तर हातावर फटका मारलात, "आधी प्लगची टोपी काढ, मशीन चुकून सुरू व्हायला नको." मग विचारलंत, "कापताना काय पडतं? तुकडे की पीठ?" मी म्हणालो, पीठ. "मग तू कापत नाहीस, घासतोयस. पुराचं लाकूड धुतलंस का?" मला हसू आलं. लाकूड कोण धुतं? पण सालीत बसलेला गाळ म्हणजे वाळूच, आणि चेन एकदा वाळूला लागली की धार तिथंच संपते. आता मी आधी पंपाच्या पाइपनं खोड धुतो, नाहीतर कुऱ्हाडीनं तेवढी साल तासून घेतो.

नंतर बार उघडलात. खाचेत भुसा आणि तेल मिळून डांबर झालं होतं, तेल यायचं भोक पार बुजलेलं. तुम्ही खोक्यातून मागाच्या मोडक्या फणीची एक पट्टी काढलीत आणि खाच कोरून साफ केलीत. एवढी वर्षं पॉवरलूमवर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात काढलेल्या माणसालाच ते सुचावं! धूर का येत होता ते तेव्हा कळलं. वर मी तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालत होतो. त्यातला लोखंडाचा कीस ऑइल पंप खातो, हे तुम्ही ज्या शब्दांत सांगितलंत ते इथं लिहिता येणार नाही.

खरा वेळ गेला तो धार लावण्यात, आणि आभार मानायचे ते मुख्यतः त्याचेच. तुम्ही दहा मिनिटांत ती लावून मला घालवू शकला असता. त्याऐवजी 4.8 मिलिमीटरची गोल कानस माझ्या हातात दिलीत. दातावरची 30 अंशांची खूण धरायची. कानस पुढे ढकलायची, मागे येताना उचलून घ्यायची. सगळ्यात झिजलेला दात आधी शोधायचा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. माझे डावीकडचे दात लांब आणि धारदार, उजवीकडचे आखूड आणि बोथट निघाले. काप डावीकडे का पळत होता, ते मला कळायच्या आत तुमचा हेल्पर हसला. दातापुढचं बोंड दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिलिमीटरच खाली हवं. ते जास्त घासलं तर मशीन झटका देते, म्हणून तिथं अंदाज नाही, गेजच लावायचा.

मधे तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केलीत. काळ्या हातांनीच खाल्ली.

इंजिनाचं काम त्यामानानं किरकोळ निघालं. एअर फिल्टर गाळानं काळा, सिलिंडरच्या पात्यांमध्ये भुसा ठासलेला, आणि कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, जुन्या पेट्रोलनं कडक झालेला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते ओल धरतं. महिनोन्‌महिने टाकीत ठेवायची ती चीज नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल मी टोपणानं घालायचो. तुम्ही माझ्या मशीनचं माप बाटलीवर रेघ मारून दिलंत: लिटरला 20 मिली. पिस्टनला काही झालेलं नव्हतं. डायफ्राम आणि प्लग, एवढ्याचेच पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर म्हणालात, "काम तूच केलंस, मी कशाची घेऊ?"

घरी काय चाललंय तेही ऐका. काम संपलं की चेन सैल करतो, कारण तापलेली चेन गार होताना आकसते आणि क्रँकला ओढ बसते. धार लावली की बार उलटा करून बसवतो, म्हणजे एकाच बाजूनं झिजत नाही. मशीन बरेच दिवस ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. चेन पुसून तेलात, बारला कव्हर. आणि खताच्या खोलीतून मशीन बाहेर काढली. खताजवळ लोखंड गंजतं, हे शेतकऱ्याला जॉबरनं सांगावं म्हणजे हद्द झाली. तात्या म्हणतात, पोरापेक्षा मशीनची बडदास्त जास्त आहे. म्हणू देत.

फणीची पट्टी मी न विचारता खिशात घातली होती, ती परत मागू नका.

मालदांडी हुरड्याला आली की पिशवी भरून घेऊन येतो. मशीन आणणार नाही, चेन तेवढी आणतो. उजवीकडचा एक दात अजून माझ्या हातून सरळ होत नाही.

तुमचा,
सीनाकाठचा चेनसॉवाला